चौसष्ट घरांचा वीस अंकी आकडा: फ्लेक्स छापायच्या आधी ताळा करून द्या राजेहो

कपाशी_बोंड (धागाकर्ता)

राम राम मंडळी. २२ डिसेंबरच्या राष्ट्रीय गणित दिवसासाठी दारव्हा तालुक्यातल्या एका शाळेच्या भिंतीवर सहा बाय चारचा फ्लेक्स लावायचा आहे. विषय जुनाच: बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात ज्वारीचा १ दाणा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४, असं दुप्पट करत ६४ घरं भरायची. एकूण दाणे किती, आणि त्या आकड्यात काय काय दडलंय.

पंचाईत अशी की आकडा चार ठिकाणांहून चार तऱ्हांचा आला:

क) १८४४६७४४०७३७०९५५१६१५
ख) १८४४६७४४०७३७०९५५१६१६
ग) १८४४६७४४०७३७०९५५१६५१
घ) १८४४६७४४०७३७०९५०००००

खरा कोणता? नुसतं उत्तर नको, सातवी-आठवीच्या पोरांना फळ्यावर करून दाखवता येईल असा रस्ता पाहिजे. अवयव पाडून मिळाले तर सोन्याहून पिवळं. (इथे वर छोटा अंक बसत नाही, म्हणून २^६४ म्हणजे २ चा ६४ वा घात असं समजा.)

———

एकं_दहं

क बरोबर. बाकी तिघांची चूक वेगवेगळ्या जातीची आहे.

ख हा २^६४ आहे, म्हणजे एक दाणा जास्त. बेरजेत तो का नसतो ते असं दाखवा: पटाबाहेर एक जादा दाणा ठेवा. तो आणि पहिल्या घरातला १ मिळून २. ते दुसऱ्या घरातल्या २ मध्ये टाकले की ४. ते तिसऱ्यातल्या ४ मध्ये टाकले की ८. असं सरकत सरकत चौसष्टाव्या घरापर्यंत गेलं की २^६४ होतात. मग तो उसना दाणा परत करा. उरले २^६४ − १. भूमितीय श्रेढीचं सूत्र न शिकवता पाचवीच्या पोरालाही हे पटतं.

ग मध्ये शेवटचे १ आणि ५ उलटे पडलेत. हाताने उतरवताना होणारी नेहमीची चूक.

घ एक्सेलमधून आलाय. एक्सेल कोणत्याही आकड्याचे पहिले १५ अंकच सांभाळतं. २० अंकी आकडा टाइप केला की पुढच्या पाच अंकांच्या जागी शून्यं बसतात, आणि ते तसं सांगतही नाही. गंमत म्हणजे तिथेच २^६४ चं सूत्र दिलं तर १८४४६७४४०७३७०९६००००० दिसतं, कारण तिथे १५ अंकांपर्यंत पूर्णांकन होतं. एकाच संगणकावर दोन वेगळी उत्तरं, आणि दोन्ही चुकीची.

———

वऱ्हाडी_ठेचा

आता काय सांगू बाप्पा, आमच्या मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तं १.८४४ च्या पुढं ई आन् १९ असं काहीतरी येऊन रायलं. ते काय व्हय? आन् दुकानातला बारा अंकी कॅल्क्युलेटर तं नुसता ई दाखवून बंद पडते.

———

एकं_दहं

दुकानातल्याचा ई म्हणजे चूक: पाटीवर मावत नाही. मोबाइलवरचा ई म्हणजे १० चा घात: १.८४४ गुणिले १० चा १९ वा घात. आकडा किती मोठा ते कळतं, शेवटचे अंक हरवतात.

यामागचं कारण सांगून ठेवतो, कारण पोरं विचारतील. बहुतेक ॲप्स आकडा ५३ द्विमान (० किंवा १) अंकांत साठवतात. ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ म्हणजे २^५३ पर्यंतची प्रत्येक पूर्ण संख्या त्यांना नेमकी ठेवता येते. त्यापुढे फटी पडतात. २^६४ च्या अलीकडे ही फट २०४८ ची आहे. आपला आकडा त्या फटीत पडतो आणि सरळ २^६४ होऊन बसतो. म्हणून त्या ॲपवर १ वजा केला काय नि न केला काय, उत्तर तेच. संगणकावरच पाहायचं असेल तर पायथनमध्ये पाहा, तिथे पूर्णांकाला लांबीची अडचण नाही. पण फळ्यावर करायचं असेल तर यंत्राची गरजच नाही.

———

पूर्णा_काठ

फळ्यावरची रीत देतो. ६४ वेळा दुप्पट करू नका. एवढ्या पायऱ्यांत कुठेतरी हातचा सुटतोच, आणि मग कुठे सुटला ते सापडत नाही. वर्ग करत चढा:

२^८ = २५६
२^१६ = २५६ चा वर्ग = ६५५३६
२^३२ = ६५५३६ चा वर्ग. (६५५०० + ३६) असा फोडा: ४२९०२५०००० + ४७१६००० + १२९६ = ४२९४९६७२९६
२^६४ = त्याचा वर्ग.

शेवटचा वर्ग दहा अंकी संख्येचा. तो पाच-पाच अंकांच्या दोन गठ्ठ्यांत करा: अ = ४२९४९, ब = ६७२९६.

अ वर्ग: ४३००० − ५१ धरा. १८४९०००००० − ४३८६००० + २६०१ = १८४४६१६६०१
ब वर्ग: ६७३०० − ४ धरा. ४५२९२९०००० − ५३८४०० + १६ = ४५२८७५१६१६
अ गुणिले ब: ४३००० × ६७२९६ = २८९३७२८०००, त्यातून ५१ × ६७२९६ = ३४३२०९६ वजा, उरले २८९०२९५९०४. दुप्पट ५७८०५९१८०८.

आता पाच अंकांचे रकाने आखा आणि पायरीपायरीने खाली सरकत मांडा:

१८४४६ | १६६०१ | ००००० | ०००००
००००० | ५७८०५ | ९१८०८ | ०००००
००००० | ००००० | ४५२८७ | ५१६१६

उजवीकडून बेरीज. पहिला रकाना ५१६१६. दुसरा ९१८०८ + ४५२८७ = १३७०९५, म्हणजे ३७०९५ लिहा, हातचा १. तिसरा १६६०१ + ५७८०५ + १ = ७४४०७. चौथा १८४४६.

१८४४६ ७४४०७ ३७०९५ ५१६१६. एक वजा, झाला क.

चुका दोनच ठिकाणी होतात. मधली ओळ दुप्पट करायची राहते, किंवा ती एका रकान्याऐवजी दोन रकाने सरकवली जाते. कागद आडवा धरून रकाने पेनाने आखले तर दुसरी चूक होत नाही.

———

कपाशी_बोंड

हे झकास. पण पोरांनी केल्यावर बरोबर आलं हे ओळखायचं कसं? नवाचा ताळा चालेल ना?

———

पूर्णा_काठ

चालेल, पण एकटा पुरणार नाही. आधी नवाचा पाहू, म्हणजे एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज करत जायची. ४२९४९६७२९६ च्या अंकांची बेरीज ५८, म्हणजे १३, म्हणजे ४. त्याचा वर्ग १६, म्हणजे ७. आलेल्या २^६४ च्या अंकांची बेरीज ८८, म्हणजे १६, म्हणजे ७. जुळलं. १ वजा केल्यावर बेरीज ८७, ताळा ६. हातचा विसरून ७४४०७ ऐवजी ७४४०६ लिहिलं असतं तर ताळा ७ ऐवजी ६ आला असता आणि चूक तिथेच सापडली असती.

आता तुमचा ग पाहा. तिथेही बेरीज ८७ च आहे. अंक तेच, फक्त जागा बदलल्या. नवाच्या ताळ्याला जागा दिसतच नाही.

त्यासाठी अकराचा. उजवीकडून एकाआड एक अंक घ्या. आपल्या आकड्यात विषम जागांची बेरीज ५+६+५+९+७+७+४+७+४+८ = ६२, सम जागांची १+१+५+०+३+०+४+६+४+१ = २५. फरक ३७, अकराने भागून बाकी ४. ग मध्ये हाच फरक २९ येतो, बाकी ७. पकडला गेला. शेजारचे दोन वेगळे अंक उलटे झाले की अकराचा ताळा बिघडतोच.

———

वऱ्हाडी_ठेचा

थांबा थांबा. ४ च यायले पाह्यजे हे तुमाले आधी कसं ठाऊक? आकड्यातूनच काढलं आन् आकड्यालेच लावलं, हे तं आपलीच साक्ष आपल्यालेच देल्यासारखं झालं.

———

पूर्णा_काठ

रास्त शंका. अपेक्षित बाकी आकड्यातून काढायची नसते, घातातून काढायची. २ चे घात अकराने भागत गेलं तर बाकी २, ४, ८, ५, १०, ९, ७, ३, ६, १ अशी येते आणि दहा पायऱ्यांनी चक्र पुन्हा सुरू होतं. ६४ मध्ये सहा फेऱ्या पूर्ण, वर ४ पायऱ्या. चौथी बाकी ५. त्यातून १ गेला, ४. आकडा न पाहताच ४ मिळाले.

नवासाठी चक्र सहाचं: २, ४, ८, ७, ५, १. ६४ ला ६ ने भागून ४ उरतात, चौथी बाकी ७, वजा १, म्हणजे ६.

———

सातबारा_उतारा

अकराच्या ताळ्यालाही एक भोक आहे. एक घर सोडून पलीकडचा अंक अदलाबदल झाला (समजा ६१५ चं ५१६ झालं) तर दोन्ही अंक विषम जागीच राहतात आणि फरक बदलत नाही. म्हणून मी १००१ वापरतो. १००१ = ७ × ११ × १३, एका फटक्यात तीन ताळे.

उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा: १८ | ४४६ | ७४४ | ०७३ | ७०९ | ५५१ | ६१५. उजवीकडून एक अधिक, एक वजा:

६१५ − ५५१ + ७०९ − ७३ + ७४४ − ४४६ + १८ = १०१६

१०१६ मधून १००१ गेले, उरले १५. १५ ला ७ ने बाकी १, ११ ने ४, १३ ने २.

घातावरून तपासा. ७ साठी चक्र तीनचं (२, ४, १); ६४ ला ३ ने बाकी १, म्हणून २, वजा १ = १. १३ साठी चक्र बाराचं; ६४ ला १२ ने बाकी ४, म्हणून १६, वजा १ = १५, म्हणजे २. अकराचे ४ वर आलेच. तिन्ही जुळले.

यातही भोक आहेच: अधिक चिन्हाचे दोन अख्खे गट, म्हणजे ७०९ आणि ६१५, एकमेकांच्या जागी गेले तर १०१६ च येईल. हाताने उतरवताना असं क्वचितच होतं. फ्लेक्सवाल्याने मजकूर दोन ओळींत तोडून पुन्हा जोडला तर मात्र होऊ शकतं.

———

तूर_सोले

याच तत्त्वावर पुस्तकामागच्या बारकोडचा शेवटचा अंक असतो. तेरा अंकी बारकोडात अंकांना आलटून पालटून १ आणि ३ ने गुणतात आणि बेरीज १० ने भागली जावी असा शेवटचा अंक ठेवतात. त्यामुळे शेजारच्या दोन अंकांत ५ चा फरक असेल (२ आणि ७, १ आणि ६) तर ते उलटे झालेले त्याला कळत नाही. जुन्या दहा अंकी आयएसबीएनमध्ये ११ चा हिशेब होता, तो अशी अदलाबदल सोडत नसे. किंमत एवढीच की कधी कधी शेवटी अंकाऐवजी १० साठी एक्स अक्षर लिहावं लागे.

———

कपाशी_बोंड

बारकोडचा वेगळा धागा काढा तूरभाऊ, वाचायला येतो. इथं आता अवयव सांगा कोणी. शेवटी ५ म्हणून ५ ने भाग जातो, बेरीज ८७ म्हणून ३ ने जातो, नवाने नाही. पुढं?

———

संत्राबाग

पुढे भागाकार करत बसू नका. या आकड्याचे अवयव भागाकाराने पाडणं म्हणजे विहीर खणायला चमचा घेणं. आठवीचं सूत्र घ्या: अ वर्ग वजा ब वर्ग म्हणजे (अ + ब)(अ − ब). २^६४ हा २^३२ चा वर्ग, १ हा १ चा वर्ग.

२^६४ − १ = (२^३२ + १)(२^३२ − १)

उजवा कंस पुन्हा तसाच फुटतो. तो फुटत फुटत शेवटी:

(२^३२ + १)(२^१६ + १)(२^८ + १)(२^४ + १)(२^२ + १)(२ + १)

म्हणजे ४२९४९६७२९७ × ६५५३७ × २५७ × १७ × ५ × ३.

३, ५, १७, २५७, ६५५३७ या मूळ संख्या. २^(२^न) + १ या साच्याच्या संख्यांना फर्मा संख्या म्हणतात. फर्मा यांना वाटलं होतं की या साच्याच्या सगळ्याच मूळ असतील. पहिल्या पाच आहेत. सहावी, म्हणजे ४२९४९६७२९७, नाही. १७३२ मध्ये ऑयलर यांनी तिला ६४१ ने भाग जातो हे दाखवलं.

६४१ कसा सापडला, हा फ्लेक्सवर घालायचा खरा माल आहे. समजा मूळ संख्या म ने २^३२ + १ ला भाग जातो. मग म ने भागताना २^३२ ची बाकी −१ (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी), आणि २^६४ ची १. म्हणजे २ च्या घातांच्या बाक्यांचं चक्र नेमकं ६४ पायऱ्यांचं. फर्मा यांच्या छोट्या प्रमेयाने चक्राच्या लांबीने म − १ ला भाग गेलाच पाहिजे. म्हणून म हा ६४क + १ अशाच साच्याचा (इथे क म्हणजे कोणतीही पूर्ण संख्या, वरचा पर्याय क नव्हे). लुकास यांनी १८७८ मध्ये ही अट आणखी आवळली: म हा १२८क + १ असायला हवा.

आता यादी करा: १२९ (३ ने भाग जातो), २५७, ३८५ (५ ने), ५१३ (३ ने), ६४१. तपासायच्या फक्त दोनच. २५७ साठी: २^८ = २५६, म्हणजे बाकी −१, मग २^३२ ची बाकी १, आणि २^३२ + १ ची बाकी २. गेला. पुढचाच ६४१.

६४१ चा ताळा फळ्यावर दोन ओळींत होतो:

२^१६ = ६५५३६ = ६४१ × १०२ + १५४
१५४ चा वर्ग = २३७१६, आणि ६४१ × ३७ = २३७१७

म्हणजे २^३२ ची बाकी −१, आणि २^३२ + १ ला ६४१ ने पूर्ण भाग. भागाकार ६७००४१७.

———

एकं_दहं

६४१ साठी गुणाकारही न करता एक वाट आहे. ६४१ = ५ × १२८ + १ आणि ६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५^४ + २^४. पहिल्यावरून ५ × २^७ ची बाकी −१. चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवा. −२^३२ ची बाकी १. संपलं. आठवीच्या पोरांना १५४ वाली रीत जास्त पटेल, दहावीच्यांना ही दाखवा.

———

वऱ्हाडी_ठेचा

आन् हे ६७००४१७ पुढं फुटत नाई कशावरून? सात अंकी हाय, कुठंतरी फुटीनच नं.

———

संत्राबाग

सरळ पाहिलं तर त्याच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे २५८८ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागेल. पण हा २^३२ + १ चाच तुकडा, म्हणून याचे अवयवही १२८क + १ साच्याचेच. २५८८ पर्यंत त्या साच्याच्या मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. त्यांच्या बाक्या:

२५७ ने १७०
६४१ ने ४४
७६९ ने १२०
११५३ ने ३३४
१४०९ ने ६२२

कुठेच शून्य नाही. फुटत नाही ठेचाभाऊ, मूळ आहे. हे पाच भागाकार पाच गटांना वाटून द्या, दहा मिनिटांचं काम.

यादी करताना फसवणारे: १५३७ (२९ × ५३), १७९३ (११ × १६३), १९२१ (१७ × ११३), २१७७ (७ × ३११), २५६१ (१३ × १९७). दिसायला मूळ वाटतात, म्हणून यांनी भागण्यात वेळ जातो.

तर पूर्ण अवयव: ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७.

———

सातबारा_उतारा

यावरून एक मजा. सात वेगवेगळे मूळ अवयव, प्रत्येक एकदाच. विभाजक करताना प्रत्येक अवयव घ्यायचा की सोडायचा, दोनच पर्याय, म्हणून विभाजक २^७ = १२८. ते जोड्यांनी येतात. म्हणजे एवढे दाणे सारख्या लांबीच्या ओळींत आयताकार मांडायचे तर (आडवं-उभं एकच धरून) ६४ रीती. पटावर घरं ६४, मांडणी ६४. योगायोगच, पण फ्लेक्सवर शोभेल.

आणि सातही अवयवांच्या चक्रांच्या लांब्या पाहा: ३ चं चक्र २ पायऱ्यांचं, ५ चं ४, १७ चं ८, २५७ चं १६, ६५५३७ चं ३२, आणि ६४१ व ६७००४१७ दोघांचं ६४. ज्या विषम मूळ संख्येच्या चक्राच्या लांबीने ६४ ला पूर्ण भाग जातो तीच इथे अवयव होते. ७ चं चक्र ३, ११ चं १०, १३ चं १२. यांतल्या एकानेही ६४ ला भाग जात नाही, म्हणून ते नाहीत. वर १००१ च्या ताळ्यात बाक्या उरल्या त्या याचमुळे.

———

मेळघाट_वारा

पट्टी-कंपासवाल्यांसाठी: अर्ध्या पटाचे, म्हणजे पहिल्या ३२ घरांचे दाणे ४२९४९६७२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. याचे १ सोडून ३१ विभाजक. विषम बाजूंचे जे सुसम बहुभुज फक्त पट्टी आणि कंपासने काढता येतात हे आज माहीत आहे, त्यांच्या बाजूंची संख्या म्हणजे हेच ३१ आकडे: ३, ५, १५, १७, ५१... थेट ४२९४९६७२९५ पर्यंत. १७ बाजूंचा गाउस यांनी १७९६ मध्ये सिद्ध केला. ६५५३७ च्या पुढची फर्मा मूळ संख्या अजून कोणाला सापडलेली नाही, म्हणून यादी तिथेच थांबलीये.

शेजारचा आकडाही नावाजलेला आहे. आपल्यापेक्षा २ ने मोठा, २^६४ + १ = १८४४६७४४०७३७०९५५१६१७. ही सातवी फर्मा संख्या. तीही मूळ नाही: २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. हे लँड्री यांनी १८८० मध्ये काढलं. २७४१७७ = २५६ × १०७१ + १, म्हणजे इथेही साचा तोच, फक्त १२८ च्या जागी २५६.

———

कपाशी_बोंड

आता हा आकडा वाचायचा कसा? एकाने अब्ज-खर्व लिहून दिलंय, दुसऱ्याने अरब-खरब. दोघांचं जुळत नाही.

———

एकं_दहं

जुळणारच नाही. आपल्याकडे हिंदी-मराठीची सरमिसळ असल्याने हा घोटाळा कायमचा. हिंदीत अरब म्हणजे १०० कोटी आणि खरब म्हणजे १०० अरब, दर पायरीला शंभरपट. मराठीत जी संस्कृत परंपरा आली तिच्यात दर पायरीला दहापट: अब्ज १०० कोटी, खर्व १० अब्ज, निखर्व १०० अब्ज. म्हणजे खर्व आणि खरब यांत दहापटीचा फरक.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) ही नावं परार्धापर्यंत आहेत: कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधि, अंत्य, मध्य, परार्ध. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. आपला आकडा त्याच्याही पुढे जातो: १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधि, ४ शंकू, ४ महापद्म, ० निखर्व, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, ० कोटी, आणि वर ९५ लाख ५१ हजार ६१५.

फ्लेक्सवर मात्र कोटीच ठेवा, सगळ्यांना कळतं: १८४४६७४४०७३७० कोटी ९५ लाख ५१ हजार ६१५.

———

तूर_सोले

दाण्यांचं वजनही टाका, गावात तेच जास्त वाचलं जाईल. ज्वारीच्या हजार दाण्यांचं वजन जातीप्रमाणे २५ ते ४० ग्रॅम. ३० धरू.

पहिल्या दोन ओळी (१६ घरं): ६५५३५ दाणे, जेमतेम २ किलो.
तीन ओळी (२४ घरं): १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१५ दाणे, ५ क्विंटल.
अर्धा पट (३२ घरं): सुमारे १२८८ क्विंटल. दहा टनी तेरा ट्रक.
पूर्ण पट: सुमारे ५ लाख ५३ हजार कोटी क्विंटल, म्हणजे ५५ हजार कोटी टनांवर.

जगभरची ज्वारी वर्षाला ६ कोटी टनांच्या घरात. म्हणजे सगळ्या जगाची ज्वारी ९ हजारांवर वर्षं साठवावी लागेल.

पोरांना स्वतः मोजायला लावायचं असेल तर हजार दाणे मोजा, दोनशे नको. स्वयंपाकघरातला काटा १ ग्रॅमच्या पायरीने दाखवतो. दोनशे दाणे ६ ग्रॅम, त्यात अर्ध्या ग्रॅमची चूक म्हणजे ८ टक्के. हजाराला तीच चूक पावणेदोन टक्क्यांवर येते. शंभर-शंभरचे दहा ढीग दोघांनी मोजा, फुटके आणि कणीचे दाणे काढून. ओल्या दाण्याचं वजन जास्त भरतं, म्हणून वाळलेलीच ज्वारी घ्या.

———

कपाशी_बोंड

सगळं घातलं. फ्लेक्सवाल्याकडून नमुना आलाय, त्यात स्वल्पविराम असे दिलेत:

१८,४४,६७,४४,०७,३७,०९,५५,१६,१५

अंक जुळतात. नवाचा, अकराचा, १००१ चा, तिन्ही ताळे बसले. छापू का?

———

सातबारा_उतारा

थांबा! अंक बरोबर आहेत, स्वल्पविराम डावीकडून मोजलेत. वीस अंक सम असल्याने दोन-दोनचे गट अगदी नीट बसले, म्हणून डोळ्याला खटकत नाही. शेवटचा गट पाहा: १५, दोनच अंक. तो नेहमी तीन अंकी हवा. उजवीकडून आधी तीन, मग दोन-दोन:

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

स्वल्पविराम नऊच राहतात, फक्त प्रत्येक एक घर डावीकडे सरकतो. शेवटून मोजून पाहा: ६१५ शतकापर्यंत, ५१ हजार, ९५ लाख. वर एकं_दहं यांनी लिहिलेल्या ९५ लाख ५१ हजार ६१५ शी जुळतं. ताळ्यात स्वल्पविराम येत नाहीत, म्हणून तिन्ही ताळे बसूनही ही चूक राहिली.

———

कपाशी_बोंड

बरं झालं विचारलं. दुरुस्त करून पाठवलं. आता आकडा टाइप न करता चित्र म्हणूनच द्यायला सांगितलंय, आणि एकाच ओळीत, तोडायचा नाही.

———

वऱ्हाडी_ठेचा

सहा फुटाच्या फ्लेक्सवर २० अंक आन् ९ स्वल्पविराम एका ओळीत बसवाचे म्हणजे अंकाले तीन इंच रुंदी देजा. स्वल्पविरामाले पाऊण इंच धरला तरी सदुसष्ट इंच भरते, कडेले अडीच-अडीच उरते.